धागा: पडवीत उभी राहिलेली आरएक्स १००, पहिली किक मारण्याआधी

देवगडी
यामाहा आरएक्स १००, १९९३ चं मॉडेल. देवगड तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर, घराच्या पडवीत साइड स्टँडवर उभी. आठ-नऊ पावसाळे गेलेत. वरून निळी ताडपत्री, खाली सारवलेली जमीन. टाकीत निम्मं पेट्रोल तसंच राहिलं होतं. किक अर्ध्यावर अडकते. आरसी आहे, पण मुदत संपलीय. गाडी प्रदर्शनात ठेवायची नाही, चालवायची आहे, आणि शक्य तितकी मूळ रूपात हवी आहे. आधी कशाला हात घालावा?

घाटमाथा
देवगडीदादा, आज एकच काम करा: किकचा दांडा काढून कपाटात ठेवा. गाडी दिसली की येणारा-जाणारा एक किक मारून बघतोच, आणि एवढी वर्षं पडून जेवढं नुकसान झालं नाही तेवढं त्या दहा किकांत होतं.

कारण असं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, क्रँक फिरतो त्या खोक्यात) तेल भरलेलं नसतं. पेट्रोलबरोबर जे टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं जळणारं तेल) येतं त्याचा पातळ थर, बस. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, थर ओघळतो आणि दर पावसाळ्यात हवेतली वाफ आतल्या थंड धातूवर पाणी होऊन तळाशी साचते. क्रँकच्या दोन्ही बेअरिंगचा खालचा भाग त्या पाण्यात. पिस्टनने एक्झॉस्ट पोर्ट उघडा ठेवला असेल तर सायलेन्सरमधून खारी हवा थेट वर सिलिंडरमध्ये. रिंगा बीडाच्या, लाइनर बीडाचा. दोन्ही गंजून एकमेकांना धरतात. अशात जोरात किक मारली की रिंगेचं टोक पोर्टच्या कडेला अडकून तुटतं, गंजाचे कण पिस्टनच्या अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि लाइनरवर उभ्या रेघा ओढतात. नुसत्या होनिंगवर (आतून हलकं घासण्यावर) भागलं असतं तिथे बोअर करावा लागतो, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा पिस्टन.

आता क्रम. प्लगभोवतीची माती आधी ब्रश आणि हवेने साफ करा, मगच प्लग काढा. नाहीतर ती सगळी आत जाते. टॉर्च मारून आत बघा. लाइनरवर नारिंगी पावडर असेल तर आशा चांगली, काळे खड्डे दिसले तर बोअर ठरलेला. प्लगच्या भोकातून अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) निम्मं-निम्मं मिसळून ३०-४० मिली ओता. नाही मिळालं तर डिझेलमध्ये टूटी ऑइल चालेल, फक्त वेळ जास्त लागतो. चार दिवस रोज थोडं थोडं घालत राहा. अॅसिटोन रंग खातं, टाकी आधीच उतरवून ठेवा.

मग डावीकडचं मॅग्नेट कव्हर उघडून मॅग्नेटच्या नटावर सॉकेट लावा आणि हाताच्या जोराने हलवून बघा. एका दिशेला नट आवळला जातो, दुसऱ्या दिशेला सुटतो. तेव्हा आवळण्याच्या दिशेने जोर, मग सोडून द्यायचं, पुन्हा जोर. पाना लांबवायला पाइप घालू नका. गाडी टॉप गिअरला टाकून ढकलत इंजिन सोडवायचा प्रकारही नको, तो सगळा जोर गिअरच्या दातांवर आणि कनेक्टिंग रॉडवर येतो. नाहीच हललं तर हेड काढा, सिलिंडरला बाहेरून हॉट एअर गन द्या. बाहेरचं सिलिंडर आधी फुगतं, पिस्टन नंतर तापतो, मधल्या दोन-तीन मिनिटांत सुटण्याची संधी असते. सिलिंडरच्या पात्यांवर हातोडी मारू नका, त्या काचेसारख्या तुटतात.

पितळीजेट
वरचं सगळं मान्य. फक्त एक भर: पिस्टन सुटला म्हणजे लगेच क्रँककेस उघडायची घाई नको. आधी प्रेशर टेस्ट करा, म्हणजे इंजिनात हवा भरून सील गळतात का बघा. एक्झॉस्टच्या तोंडाला रबराची शीट आणि लोखंडी पट्टी, इनटेकला रबरी बूच, प्लगच्या भोकात जुन्या प्लगपासून बनवलेली नळी. सायकलच्या पंपाने ६ पीएसआय हवा भरा, त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर चांगलं सील उलटं होतं. सहा मिनिटं दाब टिकायला हवा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती. साबणाचं पाणी मॅग्नेटमागच्या सीलवर, सिलिंडरच्या बेस गॅस्केटवर, हेडवर आणि इनटेकच्या रबरावर लावा. क्लचच्या बाजूचं सील आत असतं, तिथले बुडबुडे गिअर ऑइल भरायच्या भोकाशी कान लावून ऐकू येतात. दाब टिकला तर खालचं इंजिन न उघडता गाडी उभी होऊ शकते.

उद्यमनगरकर
पितळीजेट, टेस्ट बरोबर सांगितलीत, पण या गाडीला तिच्यावर विसंबू नये. प्रेशर टेस्ट सीलबद्दल सांगते, बेअरिंगबद्दल काहीच नाही. समुद्रकाठी आठ-नऊ पावसाळे म्हणजे बेअरिंगच्या बॉलवर आणि वाटीवर खड्डे पडलेले असणारच. हाताने फिरवल्यावर खरखर कळत नाही, कारण वरून तेल घातलंय. ५००० आरपीएमला ते ओरडतं, मग पिंजरा तुटतो आणि तुकडे सिलिंडरमध्ये वर येतात. शिवाय सीलचं ओठ क्रँकच्या गंजलेल्या शाफ्टला चिकटलेलं असतं. आज ६ पीएसआय धरेल, ५० किलोमीटरवर फाटेल.

पुण्यात घरात, लादीवर, दोन-तीन वर्षं उभी असती तर मीही टेस्ट करून थांबलो असतो. इथे नाही. केस उघडाच.

उघडल्यावर क्रँकचं काय बघायचं: कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढला तर खेळ शून्य हवा. आडवा थोडा असतोच, तो फीलर गेजने मोजून सर्व्हिस मॅन्युअलशी ताडा. रॉडच्या वरच्या टोकाचं डुलणं २ मिमीच्या पुढे गेलं तर बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) गेला. पिनवर निळसर डाग किंवा रॉडच्या मोठ्या तोंडाशी लालसर गंज दिसला तर नवा रॉड किट. प्रेसवर क्रँक दाबल्यानंतर तो व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने सरळ करायचा, रनआउट (फिरताना होणारं डुलणं) ०.०३ मिमीच्या आत. हे काम ज्याच्याकडे डायल गेज आहे त्याच्याकडेच द्या. कोल्हापूरला उद्यमनगरात असे लेथवाले मिळतात, पुण्यात नाना पेठेच्या आसपास चौकशी करा. नुसत्या नजरेने आणि तांब्याच्या हातोडीने क्रँक 'सरळ' करणाऱ्याकडे देऊ नका.

बेअरिंग नामांकित कंपनीचंच घ्या आणि सी३ क्लिअरन्सचं. आतला खेळ थोडा जास्त असल्यामुळे इंजिन गरम झाल्यावर ते आवळत नाही. केस १०० अंशांपर्यंत ओव्हनमध्ये तापवून बेअरिंग बसवा, हाताने आत पडतं. थंड केसमध्ये ठोकून बसवलं तर घर सैल होतं आणि पुढे बेअरिंग केसमध्येच फिरायला लागतं.

बोअरबद्दल: आरएक्सचा बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, म्हणून ९८ सीसी. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा पायरीने. आधी पिस्टन विकत घ्या, तो स्कर्टला मायक्रोमीटरने मोजून लेथवाल्याला द्या, मग त्या पिस्टनच्या मापाला बोअर करून घ्या. दीड ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०४ ते ०.०५ मिमी क्लिअरन्स ठेवायला सांगा. बाजारी पिस्टनवर दोनच बरे. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या होतात. त्या बारीक दगडाने थोड्या गोल करून घेतल्या नाहीत तर नव्या रिंगा पहिल्याच दिवशी जातात. रिंग नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजा, ०.१५ ते ०.३५ मिमी चालते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनचे सर्क्लिप नवीनच, जुने पुन्हा कधीही नाहीत.

देवगडी
केस उघडायची ठरवतो. पण स्क्रू बघा ना, मॅग्नेट कव्हरचे दोन स्क्रू आत्ताच गोल झालेत. आणि टाकीतून काळं, व्हार्निशसारख्या वासाचं काहीतरी निघालं, तळाशी गंजाचे पापुद्रे. टाकी वाचेल का?

पितळीजेट
स्क्रूचं आधी. जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू आपल्या साध्या फिलिप्स पेचकसाचे नाहीत. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर आला की वर उसळतं आणि खाच खातं. जेआयएस (जपानी मानकाचं) टोक मिळतं ते घ्या, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. स्क्रूभोवती आधी हॉट एअर गनने ताप, मग मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यात खेचलं जातं. गोल झालेल्या डोक्यावर बारीक छिन्नी तिरकी लावून सुटण्याच्या दिशेने टिचक्या द्या. अॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत धरतो तो नुसत्या गंजामुळे नाही, दोन धातूंच्या विद्युत-क्रियेमुळे पांढरी पूड तयार होऊन आटे भरतात. म्हणून बसवताना अँटी-सीझ किंवा निदान ग्रीसचं बोट लावा.

टाकी बहुतेक वाचेल. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकलेली होती, म्हणजे पाणी डाव्या खालच्या कोपऱ्यात साचलं असणार. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होऊन खाली बसतं. तो कोपरा बाहेरून नखाने दाबून, सुईने टोचून बघा.

कॉक, झाकण काढा, कॉकच्या भोकाला रबर आणि पट्टी लावून बंद करा. पहिली धुणी भांड्यांचा साबण आणि कढत पाण्याची, दोन वेळा. आत तेलकट व्हार्निश राहिलं तर त्याखालच्या गंजाला आम्ल लागतच नाही, आणि निम्म्या टाक्या इथेच फसतात. पापुद्रे जाड असतील तर हातभर बारीक साखळी आत टाकून हलवा. नट-बोल्ट टाकाल तर मोजून टाका. मग सायट्रिक आम्ल, लिटरला ७०-८० ग्रॅम, म्हणजे या टाकीला ७००-८०० ग्रॅम. हाताला चटका बसेल एवढ्या गरम पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरून हलवत बसलात तर वरचा भाग तसाच राहतो. बारा तासांनी बघा, चोवीसच्या वर ठेवू नका. रंग मूळचा ठेवायचा असेल तर तोंडाभोवती ग्रीस आणि प्लॅस्टिक, ओघळ लगेच पुसायचा.

ओतून दिल्यावर घाई करायची आहे. उघडा पडलेला पत्रा दहा मिनिटांत पुन्हा पिवळा पडतो. लिटरला ५० ग्रॅम धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा खळखळून घ्या, मग साधं पाणी, मग पावशेर स्पिरिट फिरवून ओता (ते उरलेलं पाणी घेऊन जातं), मग ब्लोअर. वाळली की लगेच पेट्रोल आणि टूटी ऑइल २०० मिली आत फिरवून ठेवा. बाथरूम साफ करायचं अॅसिड वापरायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि शिवणीच्या घडीत शिरून बसतं.

भोकं आहेत का बघायला रॉकेल भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. भोक निघालं तर वेल्डिंगला देताना टाकी 'रिकामी आहे' यावर विश्वास नको; कोपऱ्यात राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. धुऊन, पाण्याने जवळजवळ पूर्ण भरून, तेवढाच भाग वर ठेवून काम करून घ्या. भोक नसेल तर आतून सीलर ओतायची काहीच गरज नाही. नीट न वाळलेल्या टाकीत ओतलेला सीलर दोन वर्षांत साल काढल्यासारखा सुटतो आणि कॉक बंद करतो.

कार्बोरेटर मिकुनी व्हीएम २०. स्लाइड अडकली असेल तर वरून ओढू नका, बॉडी गरम पाण्यात ठेवा. जेटमध्ये तार घालायची झाली तर मऊ तांब्याच्या वायरचा एकच धागा. पोलादी तारेने पितळी भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पिते. सगळे विसरतात ती जागा म्हणजे स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूला, बोअरच्या तळाशी असलेली दोन टाचणीच्या टोकाएवढी भोकं. आयडल तिथूनच चालतं. एअर स्क्रू काढून त्या भोकातून क्लीनर मारा, फवारा दोन्ही भोकांतून आलेला दिसला पाहिजे. फ्लोटची सुई, ओ-रिंग, पेट्रोलची नळी सगळं नवीन, इथेनॉल सोसणारं. १९९३ चं रबर आजच्या पेट्रोलमध्ये फुगतं.

रीड व्हॉल्व्ह बाहेर काढून उजेडासमोर धरा. पात्यांखालून प्रकाशाची रेघ दिसली, किंवा कोपरा चिरलेला असला, तर बदला. गाडी उशिरा सुरू होण्याचं कारण बरेचदा एवढंच निघतं.

वायरिंगवाली
कार्बोरेटर बसवायच्या आधी एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सर बघा. उंदरांची घरटी डब्यात असतात, सायलेन्सरच्या शेपटीत कुंभारीण माशी मातीने भोक बुजवते. सायलेन्सरचा बॅफल ओढून काढा. हेडलाइटच्या भांड्यात आणि सीटखाली कुरतडलेल्या वायरी शोधा.

आरएक्सला सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहे, पॉइंट नाहीत, आणि ठिणगीची वीज मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलमधून येते; म्हणून बॅटरीशिवायही ठिणगी मिळायला हवी. नसेल तर लगेच सीडीआय विकत घेऊ नका. आधी किल्लीपासून येणारी किल वायर (इंजिन बंद करणारी) सुटी करून बघा. जुन्या किल्लीच्या स्विचमध्ये हिरवं साचून ती कायम अर्थ झालेली असते. मग मॅग्नेटच्या कॉइल आणि पिकअप मीटरने मोजा. मग इग्निशन कॉइलचा अर्थ: ती ज्या बोल्टने फ्रेमला लागते तिथला गंज घासून चमकता पत्रा करा. प्लगच्या वायरचं टोक ५ मिमी कापून प्लग कॅप पुन्हा फिरवून बसवा, आतली तार हिरवी पडलेली असते. मॅग्नेटच्या आत चुंबकांवर आणि पिकअपवर गंजाचा थर असेल तर ४०० नंबरचा पेपर हलक्या हाताने, आणि नंतर चुंबकाला चिकटलेला चुरा कणकेच्या गोळ्याने उचला. कापडाने पुसलं तर तो फिरतो, निघत नाही.

मॅग्नेट काढायला पुलरच. हातोडीने चुंबक सुटतात आणि नुकताच सरळ केलेला क्रँक वाकतो.

वायर सोलल्यावर तांबं काळं निघालं तर त्यावर डाग (सोल्डर) धरत नाही. चमकतं तांबं येईपर्यंत मागे कापा, तेवढा तुकडा जोडा. पूर्ण बाजारी हार्नेस टाकण्यापेक्षा मूळ हार्नेस दुरुस्त केलेला बरा, मूळ वायरीचा आडवा छेद बहुतेक जाड असतो. बॅटरीच्या ट्रेवर खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता, फेस थांबेपर्यंत.

बुलेटवाले_काका
विषय आरएक्सचा आहे, पण जुन्या बीडाच्या इंजिनाच्या बुलेटवालेही हे वाचतील म्हणून थोडक्यात. तिथे त्रास उलटा. वर्षानुवर्षं उभ्या बुलेटमध्ये तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. तसंच सुरू केलं तर ते ब्रीदरमधून, कधी प्रायमरीत (क्लचच्या चेनच्या डब्यात), मिळेल तिकडून बाहेर येतं. आधी खालचे बोल्ट काढून सगळं तेल सोडा, जाळी धुवा, नवं २०डब्ल्यू५० भरा. प्लग काढून, डिकॉम्प्रेसर दाबून हळू किक मारत राहा आणि तेल भरायच्या तोंडातून परतीचं तेल पडताना दिसेपर्यंत प्लग लावू नका. बिग एंडला फ्लोटिंग बुश असलेल्या इंजिनात कोरडी सुरुवात झाली तर बुश तिथेच जातं. पुशरॉड थंड इंजिनाला, कंप्रेशनच्या टोकावर: बोटांनी फिरले पाहिजेत, वर-खाली खेळ नको. आणि गाडी बंद पडली तेव्हा जो व्हॉल्व्ह उघडा राहिला त्याची सीट गंजते, दुसरी चांगली असते. म्हणून हेड काढल्याशिवाय कंप्रेशनवर मत देऊ नका.

घाटमाथा
काकांचं शेवटचं वाक्य सगळ्या फोर-स्ट्रोकना लागू; येझदी-राजदूत टू-स्ट्रोक, त्यांना नाही.

आता चाकं आणि ब्रेक, कारण इंजिन चालू झालं की लोक लगेच रस्त्यावर नेतात. ब्रेक शूची जाडी पूर्ण दिसली तरी फेका. अॅल्युमिनियम आणि लायनिंगमधला गोंद दमटपणाने सुटलेला असतो. पट्टी ड्रममध्ये सुटली की चाक जागेवर जाम, आणि पुढचं चाक असेल तर माणूस गेला. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकचा कॅम काढून साफ करून किंचित ग्रीस, नाहीतर ब्रेक लागतो पण सुटत नाही.

टायर पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. नक्षी कितीही चांगली असली तरी नवे. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. ट्यूब काढल्यावर रिमच्या आतून स्पोकच्या निपलभोवती बघा. बाहेर क्रोम चकचकीत आणि आत पापुद्रे, असं कोकणातल्या रिमचं नेहमीचं.

फोर्कच्या नळ्यांवरचे खड्डे नखाला लागतात का बघा. सील जिथे वर-खाली जातं त्या पट्ट्यात लागत असतील तर नवं सील महिनाभर टिकेल, नळी हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यावी लागते. त्या पट्ट्याच्या वर असतील तर चालवा. क्रोमवरचा हलका गंज अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो, ओरखडे न पडता. हँडल सरळ असताना मधोमध खाच लागल्यासारखं वाटलं तर बॉल रेसच्या वाट्या दबल्यात.

उद्यमनगरकर
फ्रेम रंगवायला देण्याआधी एक गोष्ट. स्टिअरिंगच्या नळीवरचा चासी नंबर आणि क्रँककेसवरचा इंजिन नंबर, दोन्हीवर ब्लास्टिंग करू देऊ नका. हाताने पेंट रिमूव्हर लावून साफ करा, फोटो काढा, ब्लास्टिंगच्या वेळी जाड टेप, पावडर कोटिंगच्या वेळी उष्णता सोसणारा टेप. कोटिंगचा थर खोल अक्षरं भरून टाकतो आणि आरटीओत पेन्सिलचा ठसा उठत नाही. त्याच कारणाने, क्रँककेस फुटली असेल तर वेल्डिंग करून घ्या, दुसऱ्या गाडीची केस घालू नका.

आरसीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, चालू विमा, पीयूसी आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. १५ वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. २०२१ चा व्हिंटेज नोंदणीचा नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे. आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली, तिला तो लागू नाही.

देवगडी
सगळं लिहून घेतलं. शेवटचं, सुरू करण्याच्या दिवशीचं सांगा. टूटी पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच तेल मिसळावं असं इथला मेकॅनिक म्हणतोय.

घाटमाथा
पंप काढू नका. कमी थ्रॉटलला कमी आणि जास्तला जास्त तेल देणं मिसळलेल्या पेट्रोलला जमत नाही. पंपाच्या नळ्या कडक होऊन सांध्यात हवा घेतात, त्या बदला. तेलाची टाकी धुवा, नवं तेल भरा, पंपावरचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. केबलची खूण जुळवा. आणि पहिल्या टाकीला पंप चालू असतानाच पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टूटी ऑइल घाला. पारदर्शक नळीतून तेल सरकताना दिसलं, धूर नीट आहे, हे कळल्यावर मिसळणं बंद.

गिअर ऑइल ६५० मिली, मोजून. क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असणार. सुट्या करून स्टीलच्या प्लेटा काचेवर पेपर ठेवून घासा, कॉर्कच्या रात्रभर त्याच तेलात भिजवा. गाडी उघड्यावर सुरू करा, बाजूला वाळूची बादली, पेट्रोलचा कॉक हाताच्या अंतरावर. सुरू झाल्यावर आयडलला पाच मिनिटं उभी ठेवू नका, थ्रॉटल हलका वर-खाली करत तीन मिनिटं, बंद, पूर्ण थंड. असं तीनदा. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला. मग ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, घाट नको.

आयडल आपोआप चढत गेलं आणि स्क्रू सोडूनही उतरलं नाही तर लगेच बंद करा. मॅग्नेटकडून किंवा इनटेकच्या रबरातून हवा ओढतेय, पिस्टन धरेल. आधीचं साचलेलं तेल सायलेन्सरमध्ये जळतं, म्हणून पहिल्या दिवशी पांढरा धूर दाट येतो. तो १०० किलोमीटरनंतरही तसाच राहिला तर गिअर ऑइल काढून मोजा. ६५० टाकलेल्यातलं ५०० च निघालं तर क्लचकडचं सील तेल ओढतंय, आणि केस पुन्हा उघडायची.